दोन डिस्क, दोन ऑपरेटिंग सिस्टिम: फर्मवेअर अपडेटनंतर उबुंटू यादीतून गायब

शाईपेन (मूळ प्रश्न)

माझ्या डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क आहेत. ५०० जीबीच्या एनव्हीएमई डिस्कवर विंडोज ११ आणि १ टीबीच्या साटा एसएसडीवर उबुंटू २४.०४. दीड वर्ष काहीही अडचण नव्हती. संगणक चालू केला की ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची हे विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू यायचा, हवं ते निवडायचं, संपलं.

परवा मदरबोर्डचं फर्मवेअर (संगणक चालू होताच सर्वांत आधी धावणारा प्रोग्राम) अपडेट केलं. अपडेट नीट पार पडलं, पण त्यानंतर मेनू येतच नाही, थेट विंडोज सुरू होतं. पहिल्यांदा सुरू होताना तर त्यानं बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती मी छापून ठेवली होती म्हणून निभावलं. बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, जाऊन बूटची यादी पाहिली, तर तिथं एकच नाव आहे: विंडोज बूट मॅनेजर. उबुंटू नाही, आणि त्या एसएसडीचंही नाव नाही.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दुसरी डिस्क दिसते, पण तिला अक्षर नाही. मी तिथं काहीही दाबलेलं नाही. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, फरक नाही.

त्या डिस्कवर माझ्या सहा वर्षांच्या भाषांतरांच्या फाइली आहेत. शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा आहे आणि हे तीन आठवडे मी रोज काम केलं आहे. फाइली गेल्या का, एवढंच आधी कळलं तरी जीव भांड्यात पडेल.

खडूफळा

असं माझ्याकडे एकदा झालं होतं तेव्हा मी सरळ उबुंटू पुन्हा इन्स्टॉल केलं. अर्ध्या तासाचं काम आहे. होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर असेल तर फाइलीही राहतात.

तळघर

शाईपेनताई, कृपा करून पुन्हा इन्स्टॉल करू नका. खडूफळा यांचा सल्ला चांगल्या मनानं दिलेला आहे, पण होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर आहे की नाही हेच आपल्याला अजून माहीत नाही. नसेल तर एका चुकीच्या क्लिकमध्ये सहा वर्षं पुसली जातील. विंडोजनं ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं तरी नाहीच म्हणा. एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही, म्हणून ते तसं विचारतं. डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ नाही.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी फाइली जागच्या जागी असाव्यात असं वाटतं. कारण सांगतो.

यूईएफआय, म्हणजे आजकालच्या बोर्डांवरचं फर्मवेअर, प्रत्येक डिस्क उघडून आत कोणती सिस्टिम आहे हे शोधत बसत नाही. मदरबोर्डवरच्या एका छोट्या कायमस्वरूपी मेमरीत, म्हणजे एनव्हीरॅममध्ये, बूटच्या नोंदी लिहिलेल्या असतात. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: नाव, पार्टिशनची ओळख आणि त्या पार्टिशनमधल्या एका फाइलचा पत्ता. ‘उबुंटू’ म्हणून जे नाव तुम्हाला दिसायचं ती अशी एक नोंद होती. फर्मवेअर अपडेट झालं की बऱ्याच बोर्डांवर ही मेमरी कोरी होते आणि सगळी सेटिंग मूळपदावर जातात. घराच्या दारावरची पाटी निघाली म्हणून घर पडत नाही, तसंच हे.

आता दोन गोष्टी पाहून सांगा.

पहिली, बायोसमध्ये बूटची यादी वेगळी आणि जोडलेल्या डिस्कची यादी वेगळी. डिस्कची यादी बहुतेक ठिकाणी स्टोरेज किंवा साटा कॉन्फिगरेशनच्या पानावर असते. तिथं ती एसएसडी दिसते का?

दुसरी, उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच उबुंटू चालतं) बनवा आणि त्यावरून ‘ट्राय’ निवडून सुरू करा, इन्स्टॉल नाही. टर्मिनल उघडून एलएसबीएलके ही कमांड एफ पर्यायासह द्या आणि जे दिसेल ते इथं उतरवा. ही कमांड फक्त वाचते, काही लिहीत नाही, तेव्हा निर्धास्त राहा.

रात्रपाळी

तळघर यांच्याशी सहमत. एक भर: पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनं सुरू झालाय ना हेही बघा. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला घ्या. सुरू झाल्यावर सिस फोल्डरात, फर्मवेअरच्या आत, ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर बरोबर वाटेनं आलात. ते नसेल तर जुन्या लेगसी पद्धतीनं आलात, आणि तिथून एनव्हीरॅममधल्या नोंदी ना दिसतील ना लिहिता येतील. मी एकदा दोन तास यात घालवले आहेत.

आणि उबुंटू सुरू होता होता पडद्यावर एखादा संदेश येऊन बंद पडतं का? विचारण्याचं कारण, ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर अनेक दुहेरी बूटवाल्या संगणकांवर एसबीएटी ही सुरुवातीच्या प्रोग्रामची सुरक्षा पडताळणी फसल्याचा संदेश येऊन लिनक्स अडत होतं. तो आजार वेगळा, त्याचं औषध वेगळं.

शाईपेन

नाही, कुठलाही संदेश येत नाही. उबुंटूपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

डिस्कच्या यादीत दोन्ही डिस्क दिसतात! एसएसडीचं नाव आणि क्षमता दोन्ही बरोबर आहेत. हे पाहून पहिल्यांदा श्वास घेतला.

पेनड्राइव्ह यूईएफआयनंच सुरू झालाय. कमांडनं हे दाखवलं, मी हातानं उतरवते आहे:

एनव्हीएमई डिस्क, ४६५.८ जीबी. पार्टिशन १: व्हीफॅट, १०० एमबी. पार्टिशन २: १६ एमबी, प्रकार कोरा. पार्टिशन ३: बिटलॉकर, बहुतेक सगळी जागा यातच आहे. पार्टिशन ४: एनटीएफएस, सुमारे ७०० एमबी. पार्टिशन ५: एनटीएफएस, ८० जीबी, नाव ‘सामायिक’.

साटा एसएसडी, म्हणजे एसडीए, ९३१.५ जीबी. पार्टिशन १: एक्स्ट४, पूर्ण डिस्क. बस, एवढंच.

(आकार एफ पर्यायात दिसत नव्हते, ते साध्या एलएसबीएलकेमधून घेतले.)

तळघर

उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. ‘पूर्ण डिस्क. बस, एवढंच.’

यूईएफआयला सुरुवात करायला एक छोटं फॅट पार्टिशन लागतं. त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात, इथून पुढे ईएसपी म्हणू. बूटलोडरची, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, फाइल तिथं राहते. तुमच्या विंडोजच्या डिस्कवर १०० एमबीचं ईएसपी आहे. उबुंटूच्या डिस्कवर ईएसपीच नाही.

म्हणजे दीड वर्ष तुमचं उबुंटू दुसऱ्या डिस्कवर राहत होतं, पण त्याच्या घराची किल्ली पहिल्या डिस्कवर टांगलेली होती. इन्स्टॉल करताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील, पहिल्या डिस्कवर आयतं ईएसपी असेल, आणि बूटलोडर तिथंच जाऊन बसला. हे फार जणांच्या बाबतीत होतं. माणसं मोठ्या विश्वासानं दुसरी डिस्क विकत घेतात, की एकाचं काही बिघडलं तर दुसरं सुरक्षित राहावं, आणि मुळात दोन्ही एकाच १०० एमबीच्या तुकड्यावर अवलंबून असतात. विंडोजची डिस्क मेली असती तर त्या दिवशी उबुंटूही सुरू झालं नसतं. मला या विषयावर पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं ते याचसाठी.

एक खात्री करू. लाइव्ह उबुंटूत एनव्हीएमईचं पार्टिशन १ माउंट करा, म्हणजे उघडून जोडा, फक्त वाचण्यापुरतं. आत ईएफआय नावाच्या फोल्डरात काय काय आहे? आणि ईएफआयबूटएमजीआर ही कमांड व्ही पर्यायासह देऊन नोंदी बघा.

आणि त्याही आधी: एसडीए१ माउंट करून तुमच्या फाइली उघडून बघा. जीव शांत असला की हात चुकत नाहीत.

शाईपेन

फाइली आहेत. सगळ्या आहेत. कालपरवाच्या सुद्धा. आत्ता बाहेरच्या डिस्कवर कॉपी करत बसले आहे आणि मधल्या वेळात हे लिहिते आहे. मनापासून आभार.

ईएफआय फोल्डरात तीन फोल्डर आहेत: बूट, मायक्रोसॉफ्ट, उबुंटू. उबुंटूमध्ये शिमएक्स६४, ग्रबएक्स६४, एमएमएक्स६४ या ईएफआय फाइली, एक सीएसव्ही फाइल आणि ग्रबची छोटी कॉन्फिग फाइल. त्या कॉन्फिगमध्ये एक लांबलचक यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळखक्रमांक, आहे, तो एसडीए१ च्या यूयूआयडीशी तंतोतंत जुळतो.

नोंदींमध्ये फक्त विंडोज बूट मॅनेजर आणि पेनड्राइव्ह.

तळघर

मग निदान पक्कं. घर शाबूत, किल्ली शाबूत, फक्त पाटी गेली.

आज रात्रीपुरतं काम भागवायचं तर नोंद पुन्हा लिहा. ईएफआयबूटएमजीआरला सी पर्याय म्हणजे नवी नोंद, डी म्हणजे डिस्क (तुमच्या बाबतीत एनव्हीएमई, एसडीए नव्हे, कारण फाइल तिथं आहे), पी म्हणजे पार्टिशन १, मोठा एल म्हणजे नाव, छोटा एल म्हणजे ईएफआय, उबुंटू, शिमएक्स६४ असा फाइलचा पत्ता. पत्त्यात उलट्या तिरक्या रेघा येतात. सिक्युअर बूट (फक्त सही केलेले प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर ग्रबची नाही, शिमचीच (ग्रबच्या आधी चालणाऱ्या सही केलेल्या प्रोग्रामची) फाइल द्यायची.

शाईपेन

कॉपी पूर्ण झाली. नोंद लिहिली, यादीत ‘उबुंटू’ सगळ्यात वर आलं, पण रीस्टार्ट केल्यावर क्षणभर काळा पडदा आणि पुन्हा विंडोज. पेनड्राइव्हवरून परत येऊन पाहिलं तर नोंद आहे.

रात्रपाळी

ताई, त्या नोंदीतला फाइलचा पत्ता व्ही पर्यायानं वाचा. रेघा दिसतायत का, की सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलीत? टर्मिनल उलटी तिरकी रेघ स्वतःच गिळून टाकतं. पूर्ण पत्ता एकेरी अवतरणचिन्हात घालावा लागतो.

शाईपेन

अगदी तेच! ‘ईएफआयउबुंटूशिम...’ असं सलग झालं होतं. चुकीची नोंद बी पर्याय आणि तिचा क्रमांक देऊन काढली (बी छोटा आणि मोठा, दोन्ही लागतात), अवतरणचिन्हं घालून पुन्हा लिहिली. मेनू आला. हे मी माझ्या उबुंटूमधून लिहिते आहे.

आता पुढचं. मला हे कायमचं नीट करायचं आहे. दोन्ही डिस्क खरोखर स्वतंत्र व्हायला हव्यात. आणि मेनूतून विंडोज निवडलं तर ते पुन्हा ४८ अंकी की मागतंय. दीड वर्ष मागत नव्हतं, मग आता का?

रात्रपाळी

बिटलॉकरचं मी सांगतो, कारण माझ्याही संगणकावर तो चालू आहे.

बिटलॉकरची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपच्या ताब्यात असते. संगणक कोणत्या वाटेनं सुरू झाला याचं मोजमाप टीपीएम ठेवतं आणि ते जुळलं तरच किल्ली सोडतं. पूर्वी तुमचा संगणक नेहमी शिम आणि ग्रबमधून विंडोजकडे जायचा, तीच वाट ओळखीची झाली होती. फर्मवेअर अपडेटनंतर थेट विंडोज सुरू झालं, वाट बदलली, म्हणून पहिल्यांदा की मागितली. तुम्ही ती दिल्यावर नवी वाट ओळखीची झाली. आता पुन्हा ग्रबमधून गेलात, पुन्हा अनोळखी.

माझा उपाय साधा आहे: विंडोज ग्रबमधून सुरूच करायचं नाही. संगणक चालू करताना फर्मवेअरचा बूट मेनू उघडायचा, बोर्डानुसार ती कळ एफ८, एफ११, एफ१२ अशी काहीतरी असते, आणि तिथून सिस्टिम निवडायची. उबुंटूमधून विंडोजकडे जायचं तर ईएफआयबूटएमजीआरला छोटा एन आणि विंडोजच्या नोंदीचा क्रमांक द्या, म्हणजे फक्त पुढच्या एका वेळेपुरतं विंडोज सुरू होईल आणि नेहमीचा क्रम तसाच राहील. मी याचं एक छोटं बटण करून ठेवलंय.

आणि पुढच्या वेळी फर्मवेअर अपडेट करण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर तात्पुरता ‘सस्पेंड’ करा. डिस्क उलगडत बसावी लागत नाही, मिनिटाचं काम आहे.

तळघर

ग्रबचा मेनू की फर्मवेअरचा मेनू, यावर माझं आणि रात्रपाळी यांचं पूर्वी मतभेदाचं बोलणं झालेलं आहे. मला ग्रबचा मेनू सोयीचा वाटतो, घरातल्या इतरांनाही तो कळतो. पण बिटलॉकर चालू असेल तर त्यांचंच म्हणणं बरोबर, मी मान्य करतो.

आता कायमचा उपाय. बॅकअप झालाय म्हणूनच सांगतोय. नसता तर थांबायला सांगितलं असतं.

उबुंटूच्या डिस्कवर जागा मोकळी करावी लागेल. लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हा पार्टिशन बदलणारा प्रोग्राम उघडा, एसडीए१ माउंट नाही याची खात्री करा, आणि ते शेवटाकडून ५१२ एमबीनं आखडा. शेवटाकडून, हे महत्त्वाचं. सुरुवातीकडून जागा काढायला गेलात तर सगळा डेटा पुढे सरकवावा लागतो, त्याला फार वेळ लागतो आणि मधे वीज गेली तर पंचाईत. ईएसपी डिस्कच्या सुरुवातीलाच हवं असा काही नियम नाही, फर्मवेअरला ते शेवटी असलं तरी चालतं. त्या मोकळ्या जागेत फॅट३२ पार्टिशन करा आणि त्याला ईएसपीचा फ्लॅग लावा. डिस्क जीपीटी (पार्टिशनांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) पद्धतीची आहे ना हे तिथंच दिसेल, ते आधी बघा.

मग उबुंटूमध्ये जाऊन ईटीसीमधली एफएसटॅब फाइल उघडा, कोणतं पार्टिशन कुठं जोडायचं याची यादी तिथं असते. त्यात बूट-ईएफआय या जागेसाठी एक ओळ असेल, तिचा यूयूआयडी विंडोजच्या डिस्कवरच्या ईएसपीचा असणार. चार-चार अक्षरांचा, मधे आडवी रेघ. तो बदलून नव्या पार्टिशनचा घाला. जुनं अनमाउंट, नवं माउंट. मग ग्रब-इन्स्टॉल, टार्गेट एक्स८६_६४-ईएफआय, ईएफआय डिरेक्टरी म्हणजे ती जागा, आणि बूटलोडर आयडी उबुंटूच ठेवा.

आयडीबद्दल मुद्दाम सांगतो. दोन नोंदींत गोंधळ नको म्हणून माणसं ‘उबुंटू२’ असं काहीतरी नाव देतात. पण सिक्युअर बूटसाठी सही केलेल्या ग्रबच्या फाइलीत ईएफआय-उबुंटू हाच पत्ता आतून कोरलेला असतो. दुसऱ्या नावाच्या फोल्डरात ठेवलात तर तो आपली कॉन्फिग शोधत राहतो आणि तुम्हाला नुसतं ग्रबचं रिकामं प्रॉम्प्ट दिसतं. गोंधळाची भीती नको, ग्रब-इन्स्टॉल त्याच नावाची जुनी नोंद काढून नवी लिहितो.

शेवटी अपडेट-ग्रब. त्यात विंडोज दिसलं नाही तर घाबरू नका: ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारं ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेलं असतं. तुम्हाला तसंही विंडोज तिथून सुरू करायचं नाही.

खडूफळा

एक प्रामाणिक शंका. एवढं करण्यापेक्षा विंडोजची डिस्क काढून ठेवून उबुंटू नव्यानं टाकणं जास्त खात्रीचं नाही का? डेटा तर आता बाहेर आहेच.

तळघर

नवा संगणक असता तर मी हेच सांगितलं असतं. एका वेळी एकच डिस्क जोडायची, एक सिस्टिम टाकायची, ती काढायची, दुसरी जोडायची, दुसरी सिस्टिम टाकायची. याहून खात्रीची पद्धत नाही, आणि विंडोज दुसऱ्यांदा टाकतानाही हीच पाळावी, कारण त्याचाही इन्स्टॉलर समोर आधीचं ईएसपी दिसलं तर तेच वापरतो. एनव्हीएमई ग्राफिक्स कार्डाखाली दडलेली असेल तर काही बोर्डांवर तो स्लॉट बायोसमधून बंद करता येतो. तेही नसेल तर इन्स्टॉलपुरता दुसऱ्या डिस्कवरच्या ईएसपीचा फ्लॅग काढून ठेवायचा आणि नंतर आठवणीनं परत लावायचा.

पण शाईपेनताईंच्या डिस्कवर दीड वर्षाची घडी बसलेली आहे. ती मोडायची गरज नाही.

नवखा_वाटसरू

धाग्यात मधेच विचारतो, क्षमा असावी. माझ्याकडेही दोन डिस्क आहेत आणि दोन त्रास आहेत. एक, लिनक्समधून विंडोजची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. दोन, लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ काही तासांनी चुकलेलं असतं. डिस्क खराब होतेय का?

रात्रपाळी

डिस्क ठणठणीत असणार.

पहिला त्रास फास्ट स्टार्टअपचा. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं. सिस्टिमचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर लिहिला जातो आणि एनटीएफएस अर्धवट उघड्या अवस्थेत राहते. लिनक्सला ते कळतं आणि ते लिहायला नकार देतं, आणि ते तुमच्या भल्यासाठीच आहे. जबरदस्तीनं लिहायचे मार्ग इंटरनेटवर सापडतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यात फाइली खराब झालेल्या मी पाहिल्या आहेत. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते करेपर्यंत ‘रीस्टार्ट’ निवडून लिनक्समध्ये या, रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं.

दुसरा त्रास: बोर्डावरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ समजतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. म्हणून तुमच्या टाइम झोनइतकाच फरक पडतो, कमी नाही, जास्त नाही. टाइमडेटसीटीएल कमांडला सेट-लोकल-आरटीसी १ असं सांगितलं की लिनक्स विंडोजसारखं वागेल. विंडोजलाच रजिस्ट्रीत यूटीसी वापरायला सांगणं जास्त स्वच्छ, मी तसंच केलंय.

शाईपेन

काल रात्री सगळं केलं. आखडायला दोन-चार मिनिटंच लागली. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर एसएसडीचं नाव एसडीएऐवजी एसडीबी झालं होतं, आणि मी जवळजवळ पेनड्राइव्हच आखडायला घेतला होता. क्षमता वाचून थांबले. नाव पाहून नाही, क्षमता आणि यूयूआयडी पाहूनच हात लावायचा, हे आता वहीत लिहून ठेवलंय.

ग्रब-इन्स्टॉल विनातक्रार झालं. नोंदीत आता एसएसडीच्या पार्टिशनची ओळख दिसते. मग खरी परीक्षा म्हणून विंडोजची एनव्हीएमई काढली. उबुंटू सुरू झालं... आणि अडलं. दीड मिनिट काहीतरी मोजत राहिलं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये पडलं. एनव्हीएमई परत लावली की ठीक. म्हणजे अजून कुठंतरी बांधलेलंच आहे. कुठं?

तळघर

‘सामायिक’.

ते ८० जीबीचं एनटीएफएस पार्टिशन तुम्ही एफएसटॅबमध्ये घातलंय ना? सिस्टमडी, म्हणजे लिनक्सची सुरुवात सांभाळणारा प्रोग्राम, त्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहतं, ते येत नाही, आणि ‘आवश्यक डिस्क नाही’ म्हणून सुरुवात थांबवतं. त्या ओळीच्या पर्यायांत नोफेल एवढा शब्द घाला.

तुम्ही डिस्क काढून पाहिलीत म्हणून हे कळलं. नाहीतर हे वर्षानुवर्षं दडून राहिलं असतं आणि विंडोजची डिस्क मेली त्याच दिवशी समोर आलं असतं.

शाईपेन

नोफेल घातला. एनव्हीएमई काढून उबुंटू सुरू केलं: सरळ डेस्कटॉप. ती परत लावली आणि एसएसडीची केबल काढली: विंडोज सरळ सुरू, की मागितली नाही.

मग केबल परत लावली तर पुन्हा तोच पहिला प्रकार! उबुंटूची नोंद गायब, थेट विंडोज. पण या वेळी घाबरले नाही. बूट मेनू उघडला तर तिथं उबुंटू नव्हतं, पण एसएसडीचं स्वतःचं नाव मात्र होतं. ते निवडलं आणि उबुंटू सुरू झालं. पुढच्या वेळी पाहिलं तर ‘उबुंटू’ची नोंदही आपोआप परत आलेली. हे कसं झालं?

तळघर

तुमच्या बोर्डाचं फर्मवेअर जोडलेली नसलेल्या डिस्कची नोंद काढून टाकतं. काही बोर्ड तसं करतात.

नोंद नसली तरी फर्मवेअरला एक ठरलेला पत्ता माहीत असतो: ईएसपीमध्ये ईएफआय, त्यात बूट, त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल. पेनड्राइव्ह कुठल्याही संगणकावर चालतो तो याच पत्त्यामुळे. तुमच्या नव्या ईएसपीत ग्रब-इन्स्टॉलनं तिथंही शिमची प्रत ठेवली आणि शेजारी एफबीएक्स६४. ती फाइल उबुंटू फोल्डरातली सीएसव्ही वाचते आणि हरवलेली नोंद पुन्हा लिहिते. पहिल्या वेळी हे होऊ शकलं नाही, कारण विंडोजच्या ईएसपीत त्या ठरलेल्या पत्त्यावर विंडोजचाच बूटलोडर होता. एका पत्त्यावर एकच फाइल राहते. प्रत्येक डिस्कला स्वतःचं ईएसपी का हवं, त्याचं हे दुसरं कारण.

विंडोजच्या ईएसपीतलं जुनं उबुंटू फोल्डर महिनाभर राहू द्या, मग पुसलंत तरी चालेल. बूट आणि मायक्रोसॉफ्ट या दोन फोल्डरांना मात्र हात लावू नका.

आणि बायोसची सगळी पानं एकदा फोनवर फोटो काढून ठेवा. अपडेटनं सेटिंग मूळपदावर नेली आणि डिस्क कंट्रोलरची पद्धत एएचसीआयवरून रेड किंवा व्हीएमडीवर गेली, की विंडोज निळा पडदा दाखवून ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतं. तुमच्याकडे ती बदलली नाही, हे नशीब. फोटो असला की पूर्वी काय होतं हे शोधत बसावं लागत नाही.

शाईपेन

फोटो काढले, तेवीस पानं आहेत. एफएसटॅबची प्रत आणि नोंदींची यादी छापून रिकव्हरी कीच्या कागदाला टाचून ठेवली. तळघर, रात्रपाळी, तुम्हा दोघांमुळे माझे तीन आठवडे वाचले.

नवखा_वाटसरू

हे सगळं वाचून माझ्या डिस्क पाहिल्या. माझ्याकडे दोन्ही डिस्कवर व्हीफॅट पार्टिशन आहे, म्हणजे मी सुरक्षित ना?

रात्रपाळी

असेलच असं नाही. पार्टिशन असणं वेगळं आणि ते वापरात असणं वेगळं. लिनक्समध्ये फाइंडएमएनटी कमांडला बूट-ईएफआय ही जागा द्या आणि कोणत्या डिस्कचं नाव येतं ते बघा.

नवखा_वाटसरू

पाहिलं. विंडोजच्या डिस्कचं नाव आलं. लिनक्सच्या डिस्कवरचं व्हीफॅट उघडून पाहिलं तर ते पूर्ण रिकामं आहे.

आज बॅकअप लावतो. पार्टिशन तयारच आहे, तेव्हा एफएसटॅबच्या ओळीपासून सुरुवात करायची, बरोबर?

तळघर

बरोबर. आधी त्या ओळीची प्रत काढून ठेवा. ग्रब-इन्स्टॉल झाल्यावर रीस्टार्ट करण्याआधी नोंदींची यादी इथं टाका, मी आज जागा आहे.